ओनोमिचीच्या चढणीवर मांजरं कशी शोधावीत

जपानमधल्या ओनोमिचीला मांजरं पाहायला येणारे बहुतेक जण अकराच्या सुमारास रोपवेने वर जातात, दीडला खाली उतरून रामेन खातात आणि ‘तीनच दिसली’ म्हणत पुढची गाडी पकडतात. त्यांची वेळ चुकलेली असते, आणि रस्ताही. पहाटे निघून पायी फिरलं, तर याच गावात वेगळाच हिशेब लागतो.

आधी गावाची ठेवण समजून घ्या, कारण मांजर कुठे बसेल हे तिच्यावरूनच कळतं. हिरोशिमा प्रांतातलं हे जुनं बंदर. 1169 साली ते अधिकृतपणे सुरू झालं. पुढे सेतो अंतर्गत समुद्राचा चिंचोळा पट्टा, पलीकडे मुकाइशिमा बेट आणि पाठीशी 144 मीटर उंचीचा सेन्कोजीचा डोंगर. हा उतार मुळात देवळांच्या मालकीचा होता. 1891 मध्ये रेल्वे आली, तिने किनाऱ्यालगतची सपाट जागा घेतली आणि माणसं डोंगरावर सरकली. बांधली ती घरं पायी चालणाऱ्यांच्या हिशेबाने: बोळ जेमतेम मीटरभर रुंद, आणि जिथे बोळ संपतो तिथे दगडी पायऱ्या. पुढे मोटारींचा जमाना आला, पण या उतारावर मोटार चढलीच नाही. जपानच्या बांधकाम कायद्यानुसार नवं घर बांधायचं तर जमिनीची किमान 2 मीटर बाजू किमान 4 मीटर रुंदीच्या रस्त्याला भिडलेली हवी. इथे तसा रस्ताच नाही. म्हणून जुनं घर पाडलं की त्या जागी नवं उभं राहणं अवघड, आणि जुनी घरं तशीच उभी राहिली. काहींत लोक राहतात, काही रिकामी आहेत. मांजरांना आणखी काय हवं? गाडीखाली येण्याची भीती नाही, दक्षिणेकडे तोंड केलेले तापलेले दगड आहेत आणि पिल्लं ठेवायला रिकाम्या घरांच्या जोत्याखालची पोकळी आहे. गाडीचा रस्ता जिथे सुटतो तिथून मांजरांचा मुलूख सुरू होतो, एवढं एक सूत्र धरलंत तरी निम्मं काम होतं.

कधी जावं

मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतं, मधल्या वेळात झोपतं. नोव्हेंबरच्या मध्यात इथे पावणेसातच्या आसपास उजाडतं आणि पाचच्या सुमारास सूर्य मावळतो; जूनमध्ये पाचलाच लख्ख उजाडलेलं असतं आणि सात वाजून गेले तरी प्रकाश असतो. उजाडल्यापासूनचे दोन तास आणि मावळतीच्या आधीचा दीड तास, या खऱ्या वेळा. हिवाळ्यात यात एक भर पडते: डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात दहा ते एक या वेळेत ऊन्हाच्या तुकड्यांवर झोपलेली मांजरं हमखास सापडतात. उन्हाळ्यात याच्या बरोबर उलट. जुलै-ऑगस्टमध्ये नऊनंतर सगळी जोत्याखाली, आणि दुपारी त्या पायऱ्या चढणं माणसालाही झेपत नाही.

महिना निवडता येत असेल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, किंवा मार्च. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डोंगरावर चेरी फुलते. देखावा सुंदर, पण गर्दीमुळे मांजरं मागच्या बोळांत जातात. जून ते जुलैचा मध्य हा पावसाळा. तेव्हा पायऱ्या निसरड्या होतात आणि मांजरं ओसरीच्या कडेलाच काय ती दिसतात.

एकाच दिवसात येऊन परत जाण्याचा बेत शक्यतो करू नका. गावातच एक रात्र राहिलं तर संध्याकाळ आणि सकाळ, दोन्ही वेळा हाती लागतात.

पोहोचणं आणि सामान

शिन-ओनोमिची नावाचं शिनकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं स्थानक आहे, पण नाव ऐकून फसू नका. ते गावापासून दूर उत्तरेला आहे आणि तिथे मुख्यतः कोदामा, म्हणजे सगळीकडे थांबणारी गाडी थांबते. सोयीचं म्हणजे फुकुयामाला उतरून सान्यो मार्गाची लोकल घेणं. ती वीसेक मिनिटांत थेट जुन्या ओनोमिची स्थानकावर सोडते, आणि तिथून समुद्र दोन मिनिटांवर. जेआर पास (परदेशी पाहुण्यांसाठीचा जपानी रेल्वेचा पास) असेल तर एवढं ध्यानात ठेवा की नोझोमी या बुलेट गाडीसाठी वेगळं जादा तिकीट लागतं. साकुरा किंवा हिकारी ही बुलेट गाडी घेतली तर ते लागत नाही, मात्र ती फुकुयामाला थांबते का ते आधी पाहा.

चाकांची बॅग चढणीवर नेण्याचा विचारही नको. ती स्थानकावरच्या लॉकरमध्ये किंवा हॉटेलात ठेवा. पाठीवर लहान पिशवी पुरे. अरुंद बोळात समोरून कुणी आलं की ती छातीशी घ्यावी लागते. सोबत ठेवायचं ते एवढंच: अर्धा लिटर पाणी, शंभर-शंभर येनची नाणी, हात पुसायला छोटा टॉवेल (स्वच्छतागृहात तो बहुधा नसतो), कचऱ्यासाठी एक प्लास्टिकची पिशवी (रस्त्यावर कचराकुंड्या जवळजवळ नाहीतच) आणि साबणाची वडी किंवा सॅनिटायझर. बुटांचा तळ मऊ रबराचा आणि खाचांचा हवा. इथल्या पायऱ्या ग्रॅनाइटच्या आहेत आणि शेकडो वर्षांच्या पावलांनी मध्यभागी गुळगुळीत झाल्या आहेत. दव पडलेलं असेल तर कडेकडेने चाला, तिथे दगड अजून खरबरीत आहे.

नकाशा कुठे चुकतो

मोबाइलवरचा नकाशा इथे दोन ठिकाणी दगा देतो. त्याला चढ कळत नाही: तो ‘200 मीटर, 3 मिनिटं’ सांगतो, प्रत्यक्षात ते 200 मीटर म्हणजे पायऱ्यांची एक सलग रांग असते. दुसरं म्हणजे एकावर एक असलेल्या बोळांमध्ये जीपीएसचा ठिपका वरच्या किंवा खालच्या बोळात उडी मारतो. त्यापेक्षा तीन खुणा धरा. समुद्र नेहमी दक्षिणेला. रेल्वेचे रूळ डोंगराच्या पायथ्याशी पूर्व-पश्चिम गेलेत, म्हणजे खाली उतरत राहिलात की रूळ येणारच. मात्र ते ओलांडायला फाटक, भुयार किंवा पूल गाठावा लागतो. तिसरी खूण म्हणजे देवळांच्या वाटेवर रोवलेले दगडी मार्गदर्शक खांब. ही 25 देवळं जोडणारी जुनी वाट आहे आणि तिच्यावरून सुटलात तरी चार-पाच मिनिटांत पुन्हा तिच्यावरच येता.

आडवाटेला काही पाट्या दिसतात. कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप वापरा, पण उच्चार माहीत असलेले बरे: ‘इकिदोमारी’ म्हणजे पुढे रस्ता नाही, ‘शियूची’ म्हणजे खासगी जागा, ‘ताचिइरी किन्शी’ म्हणजे आत येऊ नये, ‘सात्सुएई किन्शी’ म्हणजे फोटो काढू नये. पाटी नसलेल्या ठिकाणी पायाखाली बघा. सार्वजनिक बोळात दगडी किंवा सिमेंटची सलग फरसबंदी, गटाराची झाकणं आणि विजेचे खांब असतात. फरसबंदी संपून खडी, कुंड्या आणि चपलांचे जोड सुरू झाले की तुम्ही कुणाच्यातरी अंगणात आहात. मागे फिरा. कुणी दिसलंच तर मान लववून ‘सुमिमासेन’ (माफ करा) म्हणा, कुणी रागावत नाही.

सकाळची वाट

उजाडायला दहा मिनिटं असताना स्थानकापासून निघा. रूळ ओलांडून डोंगराच्या बाजूला या आणि पूर्वेकडे वळा. पहिलं देऊळ जिकोजी. ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या शिळांचं त्याचं दार लगेच ओळखू येतं. तिथून काइफुकुजी, कोम्योजी, होदोजी अशी देवळं एकापाठोपाठ येतात. या पट्ट्यात पर्यटक सकाळी नसतातच. स्मशानांच्या भिंती, देवळांच्या मागची दारं आणि घरांच्या खालची जोती इथे एकमेकांना लागून आहेत, आणि मांजरांची ये-जा त्यांच्या माथ्यावरून चालते. म्हणून नजर जमिनीवर न ठेवता भिंतीच्या वरच्या कडेवर ठेवा. या टप्प्याला पाऊण तास द्या. घाईने पंधरा मिनिटांत होतो आणि काही दिसत नाही.

पुढे तेन्नेइजी. 1367 साली स्थापलेल्या या देवळाच्या एका दालनात पाचशेहून अधिक लाकडी अर्हत बसलेले आहेत, पण ते दालन सकाळी बंद असतं; आत्ता त्यासाठी थांबू नका. देवळापासून वर चढत गेलं की त्याचा तीनमजली मनोरा येतो. 1388 मध्ये तो पाचमजली बांधला गेला, वरचे मजले खराब झाल्यावर 1692 मध्ये तीनमजली केला. मनोऱ्याच्याही वरच्या बोळात जाऊन खाली पाहिलं की छपराच्या टोकामागे समुद्र दिसतो. ओनोमिचीचा जो फोटो सगळीकडे छापतात, तो इथूनचा.

मनोऱ्याजवळून पूर्वेकडे उतरणारा बोळ म्हणजे ‘नेको नो होसोमिची’, मांजरांची पायवाट. लांबी सुमारे 200 मीटर. खाली ती उशितोरा या शिंतो देवस्थानाशी संपते. सोनोयामा शुन्जी या चित्रकाराने 1998 पासून इथे गोल दगडांवर मांजरं रंगवून ठेवली आहेत, त्यांना ‘फुकुइशी-नेको’ म्हणतात. समुद्रकाठचे गोटे आणायचे, त्यांच्यातला खारेपणा निघेपर्यंत महिनोन्‌महिने थांबायचं, रंगाचे तीन हात द्यायचे आणि मग उशितोरा देवस्थानात त्यांची पूजा करून ते भिंतीवर, झाडाच्या बुंध्यात, पायरीच्या कोपऱ्यात ठेवायचे, अशी त्यांची पद्धत. डोकं तीनदा कुरवाळलं की इच्छा पुरी होते म्हणतात. कुरवाळा खुशाल, पण उचलू नका. बरेच गोटे नुसते टेकवलेले असतात आणि एकदा हलवलेला पुन्हा नीट बसत नाही.

दगडी मांजरं मोजण्याच्या नादात खरी मांजरं सुटतात, ही इथली नेहमीची गंमत. ती बोळाच्या मधोमध नसतात. बोळ वळतो त्या कोपऱ्यांवर, कॅफेंच्या बंद दारांसमोर आणि उशितोराच्या जुन्या कापूरवृक्षांखालच्या ओसरीपाशी पाहा. साडेसात ते साडेआठ ही इथली सर्वांत चांगली वेळ; दहानंतर गर्दी होते.

रोपवेचं खालचं स्थानक देवस्थानाला लागूनच आहे. पहिली गाडी नऊला, मग दर पंधरा मिनिटांनी. 365 मीटरचं अंतर तीन मिनिटांत. एकेरी तिकीट 500 येन. एकेरीच काढा, कारण उतरणं पायीच करायचं आहे. वर 2022 मध्ये उघडलेला लांबलचक निरीक्षण-मनोरा आहे. आकाश स्वच्छ असेल तर दहा मिनिटं पुरतात. उद्यानातच शहराचं कलासंग्रहालय आहे, वास्तुशिल्पी तादाओ आंदोने 2003 मध्ये त्याचं रूप बदललं. 2017 मध्ये इथला केन-चान नावाचा काळा बोका आत शिरू पाहायचा आणि पहारेकरी त्याला नम्रपणे बाहेर काढायचा. त्या चित्रफिती जगभर फिरल्या. आता दारात तेच नाट्य बघायला मिळेल अशी आशा धरून जाऊ नका. सोमवारी संग्रहालय बंद असतं.

उतरताना ‘बुन्गाकु नो कोमिची’, म्हणजे साहित्याची पायवाट, ही वाट धरा. मोठमोठ्या खडकांवर 25 साहित्यिकांच्या ओळी कोरलेल्या आहेत. ती सेन्कोजी देवळात आणून सोडते, आणि तिथून पायऱ्या पुन्हा तेन्नेइजीच्या मनोऱ्याकडे येतात. हिवाळा असेल तर आता मांजरांच्या पायवाटेवरून दुसरी फेरी मारा. सकाळी सावलीत असलेले कोपरे आता उन्हात आलेले असतात. सगळं मिळून पाच तास धरा. अंतर फार नाही, पण गुडघ्यांना ते जाणवतं, त्यातही उतरताना जास्त.

बोळ वाचायचा कसा

मांजर दिसण्याआधी तिच्या खुणा दिसतात. घराच्या भिंतीलगत पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या दिसल्या की समजा, इथे मांजरं येतात आणि घरमालकाला ती नको आहेत. आपल्याकडे कुत्री दूर राहावीत म्हणून दारापुढे निळीच्या किंवा लाल पाण्याच्या बाटल्या ठेवतात, त्याचंच हे बिनरंगी भावंड. मांजरांवर तिचा परिणाम तितकाच, म्हणजे शून्य. बाटलीला टेकून झोपलेलं मांजर दिसणं मुळीच दुर्मीळ नाही. कुंड्यांमध्ये प्लास्टिकच्या टोकदार जाळ्या अंथरलेल्या असल्या तरी अर्थ तोच. अशा घरासमोर मांजराला बोलावत बसू नका. उलट, ओसरीच्या खाली स्वच्छ वाटी, जुनी उशी किंवा खोका दिसला तर तिथे कुणीतरी त्यांची काळजी घेतंय, आणि अशा जागी मांजर पळून जात नाही.

पुढे कानाकडे बघा. एका कानाचं टोक चेरीच्या पाकळीसारखं खाच पाडून कापलेलं असेल तर त्या मांजराचं निर्बीजीकरण झालेलं आहे. अशांना ‘साकुरा-नेको’ म्हणतात. खाच उजव्या कानाला असेल तर बहुधा बोका, डाव्या कानाला असेल तर मांजरी. वस्तीने मिळून सांभाळलेल्या मांजरांना ‘चिइकी-नेको’ म्हणतात. खाणं ठरावीक वेळी, ठरावीक जागी दिलं जातं आणि उरलेलं उचललं जातं.

म्हणूनच पहिला नियम: खाऊ घालू नका. दूध तर नाहीच, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही. दुकानातून आणलेलं खाद्य बोळात टाकलं की कावळे येतात, वास सुटतो, शेजारी तक्रार करतात आणि त्याचा त्रास खाद्य टाकून गेलेल्या पाहुण्याला होत नाही, रोज सांभाळणाऱ्या माणसाला होतो.

रंगांची जपानी नावं कानावर पडतील: ‘मिके’ म्हणजे पांढरी-काळी-नारिंगी तिरंगी, ‘चातोरा’ नारिंगी पट्ट्यांची, ‘किजितोरा’ तपकिरी पट्ट्यांची, ‘हाचिवारे’ म्हणजे कपाळावर मधोमध भांग पाडल्यासारखी काळी-पांढरी. मिके जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण नारिंगी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि काळा व नारिंगी दोन्ही एका अंगावर यायला दोन एक्स लागतात. शेपूट आखूड किंवा टोकाला मोडल्यासारखी दिसली तर ती दुखापत समजून हळहळू नका. जपानी मांजरांत ती जन्मजात असते.

भेट आणि फोटो

मांजर दिसलं की थांबा, चालत जवळ जाऊ नका. दोन-तीन मीटरवर, तिच्या वाटेत न येता, एका बाजूला उकिडवे बसा. डोळ्यांत रोखून न पाहता हळूच डोळे मिटा आणि उघडा. कान मागे चपटे झाले किंवा शेपटीचं टोक जमिनीवर आपटायला लागलं, तर भेट संपली. शेपूट उभी करून आलीच तर मुठीचा मागचा भाग तिच्या नाकाच्या उंचीवर धरा. पोटाला हात लावू नका, उचलू तर नकाच.

फोटो बिघडतात ते बहुतेक उभ्याने काढल्यामुळे. वरून काढलेलं मांजर म्हणजे फरशीवरचा ठिपका. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. फोन उलटा धरला तर त्याचं भिंग जमिनीलगत येतं. सकाळच्या सावलीत शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता) 1600 पर्यंत वाढवावा लागला तरी चालेल. फ्लॅश बंद. आणि शटर दाबण्याआधी मागे काय आहे ते पाहा: वाळत घातलेले कपडे, दारावरची नावाची पाटी, खिडकीतली माणसं चौकटीत येऊ नयेत. अंगणात कुणी असेल तर ‘शाशिन ओ तोत्तेमो ई देस का?’ असं विचारा, म्हणजे ‘फोटो काढू का?’

ओरखडा किंवा चावा

1957 नंतर जपानमधल्या प्राण्यांत रेबीज आढळलेला नाही, त्यामुळे भारतात कुत्रं-मांजर चावल्यावर जी पहिली धास्ती असते, ती इथे नाही. पण मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून जखम किरकोळ दिसते आणि आत जंतू राहतात. लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान पाच मिनिटं धुवा. एका दिवसात लाली, सूज, ठणका वाढला तर दवाखाना गाठा. पश्चिम जपानात गोचिडीतून पसरणारा एसएफटीएस नावाचा विषाणूजन्य ताप आढळतो, आणि आजारी मांजराकडून तो माणसालाही होऊ शकतो. म्हणून मलूल, नाक-डोळे वाहणारं मांजर दिसलं तर दया आली तरी हात लावू नका. डोंगरावर गवतात बसू नका, पायमोजे पूर्ण घाला.

खाणं आणि संध्याकाळ

इथलं रामेन प्रसिद्ध आहे: सोया सॉसचा रस्सा, चपट्या शेवया आणि वर डुकराच्या चरबीचे गोळे. शाकाहारींसाठी त्यात काहीच नाही, रस्साही मासे आणि मांसाचाच. त्यांनी सुपरमार्केटमधून उमेबोशीची ओनिगिरी (खारवलेलं आंबट फळ घातलेला भाताचा गोळा) आणि हास्साकु दाइफुकु घ्यावं. दाइफुकु म्हणजे तांदळाच्या मऊ पारीत पांढऱ्या घेवड्याचं पुरण आणि हास्साकु या कडवट-आंबट फळाची फोड. इन्नोशिमा बेट हे त्या फळाचं माहेर, आणि ते आज ओनोमिची शहरातच मोडतं.

दुपारी झोप काढा. मावळतीच्या दीड तास आधी पुन्हा निघा, पण यावेळी उलट्या दिशेने: उशितोरापासून वर, मग पश्चिमेकडे स्थानकाकडे, म्हणजे सूर्य समोर राहतो आणि भिंतीवरच्या मांजरांच्या मिशांना प्रकाशाची किनार मिळते. संध्याकाळी सहाला सेन्कोजीची घंटा होते. हिवाळ्यात तोवर पूर्ण अंधार पडलेला असतो आणि बोळांत दिवे मोजकेच, तेव्हा टॉर्च जवळ ठेवा, झोत पायरीवर ठेवा आणि घंटेच्या आधीच रुळांच्या खालच्या बाजूला उतरलेले असा. घरी मांजर पाळलेलं असेल तर परतल्यावर बूट बाहेर काढा आणि त्या दिवसाचे कपडे तिने हुंगण्याआधी धुवायला टाका.